साडेतीनचा कापूस

“शेवटचं विचारतो, हसबनीस,” डॉक्टर शिकलगार म्हणाले. “ही दाढ वाचते. तरी काढायची?”

“काढाच,” मी म्हणालो.

मी त्यांच्या खुर्चीत आडवा होतो आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर येत होता. रविवार होता. आमच्या गावचा बाजार रविवारचा, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्यांसाठी डॉक्टर त्या दिवशी दुपारपर्यंत दवाखाना उघडा ठेवत. बाहेर बाकावर पाच-सहा माणसं गाल धरून बसली होती.

“मंगळवारी काय सांगितलं होतं मी? आतली नस काढतो, दाढ भरून देतो. चार खेपा होतील, पण दाढ तुमची तुमच्यापाशी राहील. दुखणं गोळीनं थांबतंय ना?”

“थांबतंय. पण काढून टाका. सारखं सारखं येणं मला जमायचं नाही.”

दवाखाना आमच्या वाचनालयापासून चार दुकानं सोडून होता आणि डॉक्टरांना ते ठाऊक होतं. ते आमचे सभासद होते. आठवड्याला दोन रहस्यकथा नेत आणि परत करताना खुनी कोण हे आपल्याला कितव्या पानावर कळलं ते सांगून जात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“घाबरून दाढ ठेवायला बघणारे रोज येतात,” ते म्हणाले. “घाबरून काढायला आलेला माणूस पहिलाच बघतोय.”

मी तोंड उघडलं, म्हणजे उत्तर द्यायला नको.

भूल दिल्यावर थोड्या वेळात डावा गाल दुसऱ्या कुणाचा तरी झाला. दुखलं असं म्हणता येणार नाही. पण आवाज येत होता. जुनं कपाट ओढताना फरशीवर होतो तसा आवाज, आणि तो कानात नाही, कवटीत. डॉक्टर एका गुडघ्यानं खुर्चीला रेटा देत होते आणि मधूनमधून मला शेतातल्या बोअरची हकिगत सांगत होते. वीस-पंचवीस मिनिटं लागली. शेवटी ट्रेमध्ये टण्णकन काहीतरी पडलं.

“बघा,” ते म्हणाले. दाढेची दोन्ही मुळं लांब आणि पिवळसर होती, कुठं कीड नाही. “शंभरी गाठली असती हिनं.”

मग त्यांनी सूचना दिल्या. कापूस तासभर घट्ट चावून धरायचा, मग फेकून द्यायचा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम काही नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच औषध. ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि मग माणूस आठवडाभर भिंतीवर डोकं आपटतो.

“आणि बोलणं कमी,” दाराशी येऊन ते म्हणाले. “अर्थात ते तुम्हाला सांगायला नको.”

बाकावरची माणसं हसली. माझं कमी बोलणं गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून मला एकोणीस वर्षं झाली होती. पुस्तकांविषयी कुणी विचारलं तर मी सांगे. पुस्तकं सोडून काही विचारलं की आधी मला घाम येई आणि मग विचारणाराच दुसरीकडे वळे. बायको थोरलीच्या बाळंतपणासाठी सोलापूरला गेली होती, त्यामुळे महिनाभर घरातही बोलायला कुणी नव्हतं. मला ते खुपत नव्हतं.

त्याच रविवारी चार वाजता वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. विषय एकच होता, तोडकरबाईंचा.

कुसुम तोडकर सहा वर्षं आमच्या देवघेवीच्या टेबलावर बसत होत्या. पस्तिशीच्या, सडपातळ, बोलायला तिखट. उशिरा पुस्तक आणणाऱ्याला त्या “कुठं पळून गेला होता का?” असं विचारत, आणि तरीही लोक त्यांच्याच हातून पुस्तक न्यायला बघत. त्यांच्या यजमानांचं बाजारपेठेत रद्दीचं दुकान होतं. सहा वर्षं त्या गोष्टीला काही अर्थ नव्हता. दिवाळीनंतर अर्थ आला.

दिवाळीच्या सुटीत आमचे नवे कार्यवाह बारटक्के यांनी सगळी आठ हजार पुस्तकं एकेक करून नोंदींशी ताडून पाहिली. ते बँकेतून निवृत्त झालेले, कामाला चोख. चार पुस्तकं सापडली नाहीत. साधीसुधी नव्हेत. बायकांसाठी निघणाऱ्या एका फार जुन्या मासिकाचे बांधीव खंड होते ते, स्वातंत्र्याच्याही आधीचे. पुण्याहून अभ्यासक पत्र पाठवून त्यांची चौकशी करत. जुनी मासिकं, देवघेवीचं टेबल आणि रद्दीचं दुकान, हे तीन शब्द पहिल्यांदा एकत्र कुणी उच्चारले ते मला माहीत नाही. आठवड्याभरात सगळेच उच्चारू लागले. तोडकरांच्या दुकानात येणारा एक जण बाईंना म्हणाला होता, “वहिनी, नवीन काही जुनं आलंय का?” हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसल्या नाहीत.

ते खंड कुठं होते हे मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी ते मीच दिले होते. आमचे अध्यक्ष नानासाहेब शेडगे यांच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि लहानपणी वाचलेलं ते मासिक पुन्हा ऐकावं असं त्यांच्या मनात आलं. नानासाहेबांचा ड्रायव्हर त्यांच्या पत्नीनं लिहिलेली चिठ्ठी घेऊन आला. बांधीव खंड घरी न्यायला द्यायचे नाहीत असा नियम होता आणि काहीही बाहेर गेलं तर नोंदवहीत सही हवी असाही. मी खंड कागदात गुंडाळून ड्रायव्हरच्या हाती दिले. म्हाताऱ्या बाईची इच्छा होती, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सहीसाठी नोंदवही अध्यक्षांच्या घरी पाठवायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. ते येतील तेव्हा घेऊ, म्हटलं. ते आले. आईच्या दुखण्याविषयी बोलत राहिले. नोंदवही माझ्यासमोर होती आणि मी ती त्यांच्याकडे फिरवली नाही. पुढे दोन महिन्यांनी आई गेल्या. दुःखाच्या घरी पुस्तकं कशी मागायची? तेरावा झाल्यावर मागू, म्हटलं. मग वर्षश्राद्ध झाल्यावर. नंतर इतके दिवस लोटले की मागणंच चमत्कारिक वाटायला लागलं. चिठ्ठी मी कुठल्याशा कोशात खूण म्हणून घातली होती. कुठल्या, ते आठवत नव्हतं.

बैठकीच्या आधीच्या गुरुवारी तोडकरबाई टेबल आवरता आवरता म्हणाल्या, “सर, रविवारी मला बोलावलंय. तुम्ही बोलाल ना माझ्यासाठी?”

मी म्हणालो, “बघतो.”

शनिवारी संध्याकाळी मी नानासाहेबांच्या फाटकापर्यंत गेलो. ते झोपाळ्यावर बसून कुणाशी तरी हसत बोलत होते. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आगपेटी घेतली आणि घरी आलो. घरात आगपेट्या होत्या.

दाढ काढून मी घरी पोचलो तेव्हा बारा वाजत होते. तास झाल्यावर कापूस काढून टाकला. रक्त थांबलं होतं. गार दूध प्यालो, गोळी घेतली, थोडा पडलो. साडेतीन वाजता उठलो, आरशासमोर उभा राहिलो, नव्या कापसाची जाड घडी केली आणि ती डाव्या गालात बसवली. वरून गालाला रुमाल बांधला. मग चष्मा लावला आणि निघालो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत नानासाहेब, बारटक्के आणि आणखी तीन सभासद बसले होते. माझा अवतार पाहून सगळे हळहळले. नानासाहेबांनी स्वतः उठून मला पंख्याखालची खुर्ची दिली. ते सभ्य गृहस्थ होते, हे मला इथं लिहिलं पाहिजे. या प्रकरणात ते सगळ्यात कमी दोषी होते. आईच्या खोलीत कुठली पुस्तकं आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन गेला, पुस्तकं आली, सून सासूबाईंना वाचून दाखवायची, त्यापलीकडे ते त्यात नव्हतेच.

तोडकरबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

बारटक्क्यांनी पडताळणीचा कागद वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हसबनीस, तुम्हाला त्रास देत नाही. नुसती मान हलवा. हे खंड कुणाच्या नावावर गेल्याची नोंद आहे?”

मी मान हलवली. नाही.

“नोंद केल्याशिवाय आपल्याकडून पुस्तक बाहेर जातं?”

पंखा कुरकुरत होता. कापूस ओला होऊन जिभेला लागत होता. बोललो असतो तर बोबडं आलं असतं, पण आलं असतं. मी मान हलवली.

नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. एकानं पोलिसांचा विषय काढला. नानासाहेबांनी तो तिथंच थांबवला. बाईमाणूस आहे, त्यांनीच राजीनामा द्यावा, वाचनालय कुठं वाच्यता करणार नाही, असं ठरलं. तोडकरबाईंना काही म्हणायचं आहे का, असं विचारण्यात आलं.

“मी नाही नेले,” त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “एवढंच.”

जाताना त्यांनी माझ्या खुर्चीजवळच्या स्टुलावर पाण्याचा पेला ठेवला.

सोमवार वाचनालयाचा सुटीचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास कडी वाजली. दारात तोडकरबाई होत्या. एका हातात किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

“किल्ल्या द्यायला आले,” त्या म्हणाल्या. “कपाटांच्या सगळ्या आहेत. चार नंबरची जरा वर उचलून फिरवायची. तुम्हाला माहीतच आहे.”

मी किल्ल्या घेतल्या. त्या डबा घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून ताटली-चमचा घेऊन आल्या.

“ताकातल्या कण्या आहेत. वहिनी नाहीत घरी, तुम्ही कालपासून दुधावर असणार. गार करून आणल्यात. जोंधळा बारीक भरडलाय, चावायला लागणार नाही.”

मी म्हणालो, कशाला त्रास घेतला. गाल सुजला होता, पण शब्द नीट उमटले. तोंडात कापूस नव्हता.

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. काही वेळ माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहत राहिल्या. रडल्या वगैरे नाहीत. यजमान काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. रात्री कुणीतरी दुकानाच्या फळीवर खडूनं ‘वाचनालय’ असं लिहून ठेवलं होतं, तेही सांगितलं. मुलानं सकाळी ते पुसलं आणि कुणी लिहिलं म्हणून त्यांनाच विचारलं.

“राजीनामा उद्या लिहून देते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही, सर. मी घरी पण तेच सांगितलं. काल तुम्हाला बोलता आलं असतं तर तुम्ही बोलला असता.”

मी पहिला चमचा तोंडात घातला होता. तो गिळला.

आयुष्यात मी पुष्कळ वाक्यं मनात तयार करून ठेवली आणि बोललो नाही. हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं.

“आलं असतं,” मी म्हणालो.

“काय?”

“बोलता. कापूस तासाभरात काढायचा होता. साडेतीन वाजता मी दुसरा घातला.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “दाढ वाचत होती. डॉक्टर नको म्हणत होते. मी काढायला लावली. रविवारची वेळ मीच मागून घेतली, शुक्रवारी. तुम्ही मला विचारलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

मग खंडांचं सांगितलं. चिठ्ठी, ड्रायव्हर, न फिरवलेली नोंदवही. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन वर्षं जे सांगता येत नव्हतं ते पाच मिनिटांचं होतं.

बाहेरून भांड्यांना कल्हई करणाऱ्याची हाक आली आणि गेली. मला वाटलं, आता त्या डबा उचलून जातील, किंवा बोलतील, मला तोडून बोलतील. तेवढा अधिकार त्यांना होता आणि तेवढी जीभही.

“खाऊन घ्या,” त्या म्हणाल्या. “डबा मला परत न्यायचाय.”

मी खाल्लं. त्या समोर बसून होत्या. कण्या आंबटसर, थंड, चांगल्या झाल्या होत्या. उजवीकडून एकेक चमचा गिळत मी सगळा डबा संपवला. इतकं कठीण जेवण मी पुन्हा कधी जेवलो नाही. त्यांनी डबा मोरीवर नेऊन विसळला, पदरानं पुसला आणि दाराशी चपला घालताना पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“मला का सांगितलंत? मी कुठं चौकशी करत होते?”

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी सदरा बदलला आणि नानासाहेबांकडे गेलो. या वेळी फाटक उघडून आत गेलो. ते झोपाळ्यावर एकटेच होते. मी बसलो नाही, बसलो असतो तर चहाचं निघालं असतं. अर्धा तास बोललो. एका गोष्टीसाठी अर्धा तास लागत नाही, पण मी मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होतो, माझी चूक नेमकी किती हे मोजून सांगण्याचा प्रयत्न करत होतो. तोंडात रक्ताची चव येऊ लागली. कापसाचं त्यांना सांगितलं नाही. कालची मान खोटी हलवली, एवढं सांगितलं.

नानासाहेब उठून आत गेले. बराच वेळ लागला. परत आले तेव्हा चारही खंड त्यांच्या हातात होते, आणि वरच्या खंडातून एक फुलवात बाहेर आली होती. आईंनी ती पानांत खूण म्हणून घातली होती.

“तिच्या खोलीतल्या वस्तूंना आम्ही कुणी हात लावला नव्हता,” ते म्हणाले. मग म्हणाले, “हसबनीस, तुम्ही मला इतकं कसं भ्यायलात हो? मी तुम्हाला कधी काही बोललो का?”

“नाही,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

बुधवारी पहाटे दाढेच्या जागी कळ सुरू झाली ती कानात आणि कपाळात गेली. दाढ होती तेव्हा याच्या दहाव्या हिश्शानंही दुखली नव्हती. दवाखाना उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. डॉक्टर शिकलगारांनी आत आरसा घालून पाहिलं.

“गुठळी गेली. हाड उघडं पडलंय. चूळ भरलीत?”

मी नाही म्हटलं.

“विडी-सिगारेट तुम्ही ओढत नाही.” ते थांबले. “बोललात?”

“हो.”

“किती?”

“बरंच. सोमवारी. काल बैठकीत पुन्हा.”

मंगळवारी नानासाहेबांनी तातडीची बैठक घेतली होती. तिथं मी उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. बारटक्क्यांनी मला दोन प्रश्न विचारले. दोन्ही रास्त होते. मला लेखी ताकीद मिळाली. तोडकरबाईंच्या घरी दिलगिरीचं पत्र न्यायचं ठरलं आणि ते घेऊन स्वतः नानासाहेब गेले, भर गर्दीच्या वेळी, रद्दीच्या दुकानासमोर गाडी उभी करून.

डॉक्टर खड्ड्यात लवंगेच्या तेलाची पट्टी भरत होते. गावात गोष्टी पोचतात तशा त्यांच्यापर्यंत पोचल्या असणार. काम झाल्यावर त्यांनी हात धुतले, पुसले.

“मला रविवारीच कळायला हवं होतं,” ते म्हणाले. “पहिल्याच पानावर होतं.”

पट्टी बदलायला मी आठ दिवस रोज गेलो. चार खेपा मला जमणार नव्हत्या.

तोडकरबाई लगेच आल्या नाहीत. पंधरा दिवस टेबल मीच सांभाळलं. सोळाव्या दिवशी, पावणेअकराला, त्या आल्या, पदर खोचला, टेबलावरची धूळ पुसली आणि नोंदवही उघडून बसल्या. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. कण्यांचा विषय पुढं त्यांनी कधी काढला नाही, कापसाचा तर नाहीच. पुढे अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या तोंडून त्याविषयी एक शब्द ऐकला नाही.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी वाचनालय बंद करताना मी नेहमीप्रमाणे घरी वाचायला एक प्रवासवर्णन घेतलं आणि पिशवीत टाकलं. एकोणीस वर्षं मी असंच नेत होतो. ग्रंथपालाकडे कोण नोंद मागणार?

“सर,” बाई म्हणाल्या.

मी वळलो. त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवून ठेवली होती. पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, तारीख, माझं नाव, सगळं त्यांच्या गोल अक्षरात लिहून झालं होतं. शेवटचा रकाना तेवढा मोकळा होता. पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन मधोमध ठेवलं आणि दिवे मालवायला उठून गेल्या.